मध न खाणाऱ्या घरातल्या मधमाश्या

वैद्यांनी "मधातून चाटवा" म्हणून पुडी दिली, की आमच्या घरी ती गुळाच्या पाकातून चाटवतात. मद्य, मांस, मधु या तिन्हींचा त्याग लहानपणापासून अंगवळणी पडलेला. 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' या ग्रंथात आचार्य अमृतचंद्र तर पोळ्यातून आपोआप गळलेला मधही वर्ज्य सांगतात. त्याच्या आश्रयाने राहणारे जीव मरतात म्हणून. त्यामुळे खानापूरकडच्या आमच्या माहेरच्या शेतात भाच्याने सातेरी माश्यांच्या पाच पेट्या ठेवल्या, तेव्हा आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

"आज्जी, आता पोळं पिळत नाहीत गं," तो समजावू लागला. पूर्वी धूर करून अख्खं पोळं कापायचे नि अंडी-अळ्यांसकट पिळायचे. पेटीत खाली पिल्लांचा कप्पा, वर मधाचा. वरची घरं मेणाने बंद झाली की मध पिकला समजायचं. मग तेवढ्याच चौकटी मधयंत्रात फिरवायच्या. मध बाहेर पडतो, पोळं शाबूत परत पेटीत जातं. मध तापवायचा नाही, नुसता गाळायचा. जांभळाचा निराळा, हिरड्याचा निराळा. जसा फुलोरा तसा मध.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पण तो साठा त्यांनी कुणासाठी केला? पाऊस लागला की त्यांनी काय खायचं?"

बेगमी म्हणजे काय, हे आपल्या बायकांना सांगायला नको. आषाढाच्या आधी पापड, सांडगे, चिंच भरून ठेवताना कंबर मोडते. एक माशी जन्मभर राबून चमच्याचा जेमतेम बारावा हिस्सा मध करते म्हणतात. खानापूरच्या पावसात तिला बाहेर पडता येत नाही. पुष्कळ जण मध काढून घेतात आणि तेव्हा साखरेचं पाणी ठेवतात. भाचा गप्प झाला. तेव्हापासून पावसाआधीचा मध तो पेटीतच ठेवतो. त्याच्या वहीत ती तूट दिसते. सूनबाईने त्यावरून दोन शब्द ऐकवलेसुद्धा.

म्हणजे हिंसा संपली का? मी त्यालाच विचारलं. "कितीही जपलं तरी चौकट उचलताना एखादी चिरडतेच, आत्या," तो म्हणाला. हे त्याने लपवलं नाही, ते मला आवडलं. मी अजूनही मध खात नाही, घरात बाटली येत नाही. तो मात्र विकतो. यात विसंगती आहे असं कुणी म्हणेल. आहेच. पण त्याच शेतातला दोडका, काकडी, भोपळा आम्ही आवडीने खातो, आणि ती फळं धरतात ती या माश्यांच्याच येण्याजाण्याने. त्यांचं ऋण नाकारून कसं चालेल?

आता भाजीच्या फुलोऱ्यात औषध फवारू द्यायचं नाही, हा आईचा हुकूम आहे. मी इथे बेळगावात गच्चीवरच्या तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडत नाही. थोड्या ठेवून बघा, मैत्रिणींनो. सकाळी ऊन आलं की त्या येतातच.