पायथ्याचं पाणी

मातीचं धरण गळतं. चांगलं बांधलेलंही गळतं. मध्ये काळ्या मातीचा गाभा, त्याला लागून वाळूची गाळणी, बाहेरून मुरमाचं कवच, पायथ्याशी दगडांचा भराव आणि त्यापुढे चर. पाणी अडवण्याइतकंच, आत शिरलेल्या पाण्याला बिनधोक वाट करून देणं हेही या रचनेचं काम असतं. परीक्षेपुरतं हे मला ठाऊक होतं. समजलं ते आमच्या साहेबांबरोबर पायथ्याने चालताना. साहेब गेले, त्याला आता काही महिने झाले.

मी शाखा अभियंता म्हणून गोदावरी खोऱ्यातल्या एका मध्यम प्रकल्पावर रुजू झालो, तेव्हा ते तिथे उपअभियंता होते. पुढे बदल्या झाल्या, बढत्या झाल्या, एकाच कचेरीत शेजारी-शेजारीही बसलो, तरी त्यांना ‘साहेब’ म्हणायची सवय काही सुटली नाही. ते मात्र पहिल्या दिवसापासून मला ‘तुम्ही’ म्हणत. मलाच कशाला, कालव्यावरच्या पाटकऱ्याला, जीपच्या ड्रायव्हरला, धरणावरच्या चौकीदारालाही ‘तुम्ही’. सरकारी खात्यात हे किती दुर्मीळ असतं, ते तिथे नोकरी केलेल्यांना सांगायला नको.

सकाळी ते भिंतीच्या माथ्यावर जीप थांबवत आणि पायऱ्यांनी खाली उतरत. माथ्यावरून धरण बघणं त्यांना मान्यच नव्हतं. खाली चरीच्या तोंडाशी व्ही-नॉच असते, म्हणजे पोलादी पत्र्यात कापलेली त्रिकोणी खाच. तिच्यातून वाहणाऱ्या पाण्याची उंची मोजली की गळती किती ते निघतं. काटकोनी खाचेवर दहा सेंटिमीटर पाणी असेल तर सेकंदाला साधारण साडेचार लिटर. उंची दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, साडेपाच पटींहून अधिक होते. म्हणूनच नुसत्या नजरेवर विसंबायचं नाही, पट्टी लावायची, असा त्यांचा आग्रह. पट्टी लावायलाही ते पाण्यात गुडघा टेकून बसत, कारण पाण्याची पातळी खाचेच्या तोंडाशी नव्हे, थोडी मागे, संथ पाण्यात वाचायची असते. वाचलेला आकडा ते तिथल्या तिथे मोठ्याने म्हणत आणि चौकीदाराला विचारत, “काल एवढंच होतं ना, मामा?” तेव्हा मला वाटायचं, वही हातात असताना हे विचारायचं कशाला?

आकड्यापेक्षाही ते रंगाला जास्त जपत. खिशातली काचेची बाटली चरीत बुडवून उन्हासमोर धरत. नितळ पाणी कितीही असो, चिंता थोडी. गढूळ पाणी मात्र करंगळीएवढं असलं तरी झोप उडवणारं, कारण ते एकटं येत नाही, आतली माती घेऊन येतं. मातीचा कण निघाला की तिथे पोकळी पडते, पोकळीकडे आणखी पाणी ओढलं जातं आणि धरणाच्या पोटात बोगदा तयार होऊ लागतो. वरून पाहणाऱ्याला शेवटच्या काही तासांपर्यंत काहीच दिसत नाही.

एका ऑगस्टमध्ये, जलाशय जवळजवळ भरलेला असताना, मामा मध्यरात्री वसाहतीत आले. चरीत गढूळ पाणी येतंय म्हणाले. आम्ही धावलो. निघालं काय, तर उतारावरून वाहून आलेलं पावसाचं पाणी वरून चरीत शिरत होतं. मामा ओशाळले. साहेबांनी त्यांना घरी आणलं, स्वतः चहा टाकला आणि म्हणाले, “आलात ते बरं केलंत. पुन्हा तसं वाटलं तर असंच यायचं, वेळ बघायची नाही.” एवढंच. दुसऱ्या दिवशी कचेरीत या प्रसंगाची चेष्टा सुरू झाली, तीही त्यांनी लगेच थांबवली.

दोन-तीन पावसाळ्यांनंतर मामा पुन्हा तसेच रात्री आले. या वेळी पाणी चरीत नव्हतंच. पायथ्यापुढच्या गवतात एक बारीक झरा उकळत होता आणि त्याच्याभोवती बाहेर पडलेल्या मातीचं गोल कडं तयार झालं होतं. मुकादमाने गडबडीने काळी माती आणायला माणसं पिटाळली. तोंड बुजवलं की झालं, असं कुणालाही वाटेल. साहेबांनी त्यांना परत बोलावलं. “माती नको. पाणी अडवायचं नाहीये, माती अडवायचीय. पाण्याला जाऊ द्या.” तोंड बुजवलं असतं तर आतला दाब वाढून पाण्याने दुसरीकडे वाट फोडली असती. मग भोवती गोण्या रचल्या. झऱ्यावर आधी जाड वाळू, वर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी आणि शेवटी दगड अशी उलटी गाळणी पडली. विमोचकातून विसर्ग वाढवून पातळी उतरवायला सुरुवात झाली. उजाडताना साहेबांनी बाटली भरून वर धरली. पाणी नितळ झालं होतं.

गाळणीची युक्ती पुस्तकात आहे. ती वेळेवर वापरता आली, कारण मामा दुसऱ्यांदा येताना कचरले नाहीत. पहिल्या रात्री त्यांना कुणी झापलं असतं, तर त्यांनी सकाळ होण्याची वाट पाहिली असती. साहेब मनाने चांगले होते, असं सगळेच म्हणतात आणि ते खरंच आहे. पण माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. त्यांच्या चांगुलपणामुळे वाईट बातमी त्यांच्यापर्यंत लवकर पोचायची, आणि धरणावर याहून मोठं संरक्षण नाही. जिथे वरिष्ठ खेकसतो, तिथे खालून फक्त ‘सर्व ठीक’ एवढंच वर येतं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा ते पुण्यात शाळकरी पोर होते, नदीकाठच्या पेठेत राहणारे. त्याबद्दल ते फार बोलत नसत. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, तेव्हा मात्र निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेल्या साहेबांचा मला फोन आला. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. “लोकांनी सांगितलं होतं हो,” एवढं म्हणून ते गप्प झाले.

त्या झऱ्याच्या रात्रीची नोंद मी पुढे रजिस्टरमध्ये शोधून पाहिली. ‘प्रथम कोणी पाहिले’ या रकान्यात साहेबांच्या सुबक अक्षरात मामांचं पूर्ण नाव, हुद्दा आणि वेळ आहे. स्वतःचा उल्लेख फक्त सहीपुरता. त्यांच्या दहाव्याला गोदाकाठी जमलेल्यांत अभियंते थोडे होते. पाटकरी, मिस्त्री, ड्रायव्हर, चौकीदार आणि त्यांची मुलंच जास्त.

महाराष्ट्रात देशातली सर्वांत जास्त मोठी धरणं आहेत आणि त्यांतली बहुतेक मातीची आहेत. दर वर्षी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर त्यांची तपासणी तरुण अभियंत्यांच्या वाट्याला येते. त्यांना माझी एवढीच विनंती आहे. माथ्यावरून परत फिरू नका, पायथ्याने चाला. चौकीदाराला बरोबर घ्या. आणि अपरात्री त्याने आणलेली वर्दी चुकीची निघाली, तरी त्याला चहा पाजूनच घरी पाठवा.