कै बिडब्याड!

स्कॉटलंडमध्ये एका वडीला ‘मिलियनेअर्स शॉर्टब्रेड’ असे भारदस्त नाव आहे. लक्षाधीशाची वडी! नावाने दबकून जायचे कारण नाही. तळाला मैदा-लोण्याचे खुसखुशीत बिस्कीट, मध्ये आटवलेल्या दुधाचे कॅरॅमल आणि वर चॉकलेट, असे हे तीन थर. शिवाय त्यात अंडे नाही. माझे माहेर मराठी, सासर कानडी, आणि दोन्हीकडे शुद्ध शाकाहार. त्यामुळे या परदेशी पाहुणीला आमच्या स्वयंपाकघरात सहज प्रवेश मिळाला.

गेल्या दिवाळीत बारावीतल्या लेकीने ही वडी करायला घेतली. तळाचे प्रमाण लक्षात ठेवायला सोपे आहे. वजनाने साखर एक भाग, लोणी दोन भाग, मैदा तीन भाग. तिने 75, 150 आणि 225 ग्रॅम घेतले. ‘शॉर्ट’ म्हणजे इथे आखूड नव्हे, ठिसूळ. लोणी मैद्याच्या कणांना वेढते, मग पिठाला चिवटपणा येत नाही. करंजीच्या पिठाला आपण मोहन घालतो, ते याचसाठी. पीठ मळत बसायचे नाही. ट्रेमध्ये दाबून बसवायचे, काट्याने टोचायचे आणि 160 अंशांवर अर्धा तास, कडा फिकट सोनेरी होईपर्यंत भाजायचे.

अडले ते मधल्या थरापाशी. 100 ग्रॅम लोणी, 100 ग्रॅम साखर, कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा आणि दोन चमचे गोल्डन सिरप. सिरपच्या जागी आम्ही आपली काकवी घातली. कृतीत लिहिले होते, ‘सोनेरी होईपर्यंत ढवळा.’ पण काकवीमुळे मिश्रण पहिल्यापासूनच सोनेरी! मग थांबायचे कधी?

आमच्या अज्जी, म्हणजे माझ्या सासूबाई, 78 वर्षांच्या आहेत. एके काळी नात्यागोत्यात लग्नकार्य निघाले की कुंद्याच्या कढईपाशी त्यांनाच बसवत. पुढे दोन्ही डोळ्यांना काचबिंदू झाला, नजर अरुंद होत गेली. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आपणहून शेगडी सोडली. ‘दिसत नाही, मध्ये अडचण कशाला?’ असे कानडीत म्हणाल्या आणि सोप्यातल्या खुर्चीत जाऊन बसल्या. हळूहळू बोलणेही कमी झाले. डोळ्यांपेक्षा आम्हाला त्या गप्प बसण्याचीच धास्ती वाटू लागली होती.

त्या दिवशी वास सोप्यापर्यंत गेला असावा. भिंत चाचपत त्या आत आल्या आणि नातीच्या हातावर हात ठेवून चमचा धरला. रंग कसा आहे, हे विचारलेच नाही. ‘कै बिडब्याड,’ एवढेच म्हणाल्या. हात सोडू नकोस. सोडलास की तळाला लागले म्हणून समज. मग त्या एकेक खूण सांगू लागल्या. आधी बुडबुडे पटपट फुटतात, मग जड होऊन सावकाश. चमचा हाताला ओढू लागतो. कच्च्या दुधाचा वास जाऊन भाजलेल्या खव्याचा येतो. दहाएक मिनिटे झाली आणि ‘साकु’ म्हणत त्यांनी गॅस बंद करायला लावला.

आमच्या महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना मी हे सांगितले. ते म्हणाले, नुसत्या साखरेचे कॅरॅमल व्हायला साधारण 160 अंशांच्या वर उष्णता लागते. दुधाचे ओले मिश्रण तेवढे तापतच नाही. इथला तपकिरी रंग येतो तो मुख्यतः दुधातली प्रथिने आणि साखर यांच्या संयोगाने. 1912 साली लुई कामिय माय्यार या फ्रेंच शास्त्रज्ञाने ही क्रिया सांगितली, म्हणून तिला त्याचे नाव. कुंद्याचा रंग आणि खमंगपणाही त्यातलाच. म्हणजे अज्जींनी अंदाज बांधला नव्हता, जुनी ओळख पटवली होती!

कॅरॅमल गार झाल्यावर 180 ग्रॅम चॉकलेट गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवून ओतले. त्यात पाण्याचा थेंब जाऊ द्यायचा नाही, गेला तर चॉकलेटचा गोळा होतो. चमचाभर तेल घातले की कापताना वरचा थर तडकत नाही. सुरी गरम पाण्यात बुडवायची, पुसायची आणि मगच कापायचे.

लेकीने वहीत ‘सोनेरी होईपर्यंत’वर काट मारून अज्जींच्या खुणा कानडीत लिहून घेतल्या. जूनमध्ये ती शिकायला धारवाडला जाणार, वही सोबत जाईल. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण हल्ली मी फोडणी टाकली की सोप्यातून आवाज येतो, ‘मोहरी अजून तडतडली नाही, घाई करू नकोस.’ बहुतेक वेळा त्यांचेच बरोबर असते.