निवृत्तीनंतरचे कथालेखन

निवृत्तीनंतर कथा लिहू लागणाऱ्याला अनुभवाची टंचाई नसते. राज्य सरकारचे बहुतेक कर्मचारी 58व्या वर्षी आणि केंद्राचे 60व्या वर्षी सेवानिवृत्त होतात. तोवर बदल्या, खातेनिहाय चौकश्या, भावकीतल्या वाटण्या, इस्पितळातली जागरणे असे पुष्कळ काही पाहून झालेले असते. अडचण होते ती या साठ्याचीच. एखादी गोष्ट खरोखर घडली, एवढ्यावरच ती कथेत राहायला हवी असा हट्ट सुटत नाही. पंचविशीतल्या लेखकाला प्रसंग रचावा लागतो. साठीतल्याला तो आधी मोडावा लागतो.

ही मोडतोड कशी होते ते नॉर्मन मॅक्लीन यांच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. शिकागो विद्यापीठात चार दशके इंग्रजी साहित्य शिकवून ते 1973 मध्ये निवृत्त झाले. मुलांना सांगितलेल्या गोष्टी लिहून काढाव्यात असा त्या मुलांचाच आग्रह होता. ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ हे पुस्तक 1976 मध्ये आले तेव्हा मॅक्लीन सत्तरी ओलांडून गेले होते. न्यूयॉर्कच्या एका प्रकाशकाने या गोष्टींत झाडे आहेत अशा आशयाची तक्रार करून हस्तलिखित परत पाठवले होते. शेवटी ते त्यांच्याच विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने छापले. पुस्तकातला भाऊ त्यांचा खरा भाऊ आहे, नदी खरी आहे, मासेमारी शिकवणारे धर्मोपदेशक वडीलही खरे. पण भावाचा खून प्रत्यक्षात 1938 साली शिकागोत झाला होता; कथेत तो नदीच्याच मुलखात, मोंटाना राज्यात घडतो. नदी, भाऊ आणि मृत्यू एका मुलखात आल्याशिवाय ती कथा उभी राहिली नसती. याहून बोलका आहे तो त्यांनी गाळलेला भाग. या पुस्तकातल्या तिन्ही कथा तरुणपणीच्या मोंटाना-परिसरातल्या आहेत. ज्या अध्यापनात आयुष्य गेले त्याची एकही कथा त्यांत नाही. निवृत्त माणूस मात्र सहसा कचेरीपासूनच सुरुवात करतो, कारण ती नुकतीच सुटलेली असते.

ब्रिटिश कादंबरीकार पेनेलोपी फिट्झजेराल्ड यांनी साठीत आलेल्या पहिल्या कादंबरीनंतर स्वतःचे आयुष्य बरेच वापरले: पुस्तकाच्या दुकानातले काम, थेम्सवरच्या बोटीतला संसार, युद्धकाळातली बीबीसीची नोकरी. बोटीवरच्या ‘ऑफशोअर’ला 1979 मध्ये बुकर मिळाले. पण 1986 पासूनच्या कादंबऱ्या इटली, क्रांतिपूर्व मॉस्को, जर्मन कवी नोव्हालिस यांच्याकडे वळल्या. जगलेले संपले की लेखन संपते, ही भीती त्यांच्या बाबतीत तरी खोटी ठरली.

दुसरी अडचण भाषेची, आणि मराठीत ती फार चिवट आहे. टिपणी लिहून मुरलेल्या हाताला कर्ता लपवायची सवय असते: निर्णय घेण्यात आला, सदर बाब निदर्शनास आणून देण्यात आली. कचेरीत ही सोय असते, कारण जबाबदारी कुणा एकावर येत नाही. कथेला नेमके याच्या उलट हवे असते: कोणी, कोणाला, काय केले. सर्वांसमोर फाइल कोणी भिरकावली हे न लिहिता ‘तणावाचे वातावरण निर्माण झाले’ असे लिहिले की प्रसंग हातचा गेला. शिक्षकांचा दोष वेगळा. त्यांना शेवटी तात्पर्य सांगितल्यावाचून राहवत नाही. डॉक्टर रुग्णाचा पूर्वेतिहास देतात, वकील अशिलाचीच बाजू मांडतात. पेशाने दिलेली शिस्त वाया जात नाही, पण पहिल्या खर्ड्यात तिचे ओरखडे शोधून काढावे लागतात.

वयाचा खरा फायदा तपशिलात आहे. रॉकेलच्या रांगेत कोण कोणाचा डबा पुढे सरकवत असे, ट्रंक कॉल लागल्यावर अख्खा वाडा कसा गप्प होई, हे ज्यांनी पाहिले त्यांनाच लिहिता येते. मात्र तेवढ्याने स्मरणरंजन होते. त्या रांगेत कोणाला तरी काही हवे असले आणि ते मिळण्यात अडथळा आला, तर तिची कथा होते. आधी दीर्घ कादंबरी हाती घेण्यापेक्षा एका दिवसात घडणारी गोष्ट लिहिणे त्यामुळे सोयीचे.

ओळखीची माणसे कथेत येतातच. नाव बदलून भागत नाही. दोघांचा एक करावा, पेशा, गाव, वय हलवावे. व्याही-विहिणींचे संबंध तर राहतातच, शिवाय पात्रही मोकळे होते. घरचे वाचक सहसा कौतुक करतात किंवा ‘असं घडलंच नव्हतं’ म्हणतात. दुसरी प्रतिक्रिया अधिक उपयोगी.

छपाईला मराठीत दिवाळी अंकांची जुनी वाट आहे. का. र. मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक कथा दुरुस्त करून पुन्हा मागवत, लांब पत्रे लिहीत; आता अशी पत्रे क्वचितच येतात. दिवाळीसाठी कथा पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवलेली बरी. ग्रॅच्युइटीतले पैसे घालून संग्रह काढणे आणि पंचाहत्तरीच्या समारंभात वाटणे हा एक मार्ग आहेच. त्यातून पुस्तक होते, पण हस्तलिखिताला संपादकाचा हात लागत नाही. चार-पाच कथा निरनिराळ्या अंकांत छापून आल्यावर संग्रहाचा विचार केला, तर निदान काय गाळायचे हे ठरवायला दुसऱ्या कोणाची नजर मिळालेली असते.