डोंगरावरची दुर्बीण आणि खालचे दिवे

‘गिरवलीच्या वेधशाळेवर लिहा, पण तांत्रिक नको,’ असं संपादकांनी बजावलं आहे. प्रयत्न करतो.

पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेची ही वेधशाळा आंबेगाव तालुक्यात, घोडेगावजवळच्या सुमारे १००० मीटर उंचीच्या डोंगरावर २००६ साली सुरू झाली. दुर्बिणीच्या मुख्य आरशाचा व्यास २ मीटर आहे. कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट करत तिथे जाता येतं. ‘काय काय दिसतं हो तिथून?’ असं डोंबिवलीत मला हमखास विचारतात. तिथे भिंगाला डोळा लावून कोणी बसत नाही. ताऱ्याचा प्रकाश कॅमेऱ्यात नाहीतर वर्णपटमापकात जातो आणि रात्रपाळीवरचा माणूस पडद्यावरचे आकडे बघत असतो. आर्द्रता वाढली की घुमट बंद. मग वेध घेणारा कितीही लांबून आलेला असो.

सगळ्यात मोठा गैरसमज उंचीबद्दल आहे. डोंगर चढला की अंधार मिळतो, असं लोक धरून चालतात. उंचीमुळे धूळ आणि धुरकं थोडं खाली राहतं, इतकंच. अंधार राखतात ती पायथ्याची गावं.

आता थोडं तांत्रिक होणारच. जुन्या सोडियम दिव्यांचा बराचसा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास, पिवळ्या पट्ट्यात असे. वेध घेताना तेवढा भाग वगळता यायचा. पांढरा एलईडी जवळजवळ सगळा दृश्य वर्णपट व्यापतो, शिवाय ४५० नॅनोमीटरच्या निळ्यात त्याचा जोर असतो. हवेचे रेणू प्रकाश विखुरतात ते तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात. म्हणजे हा निळा त्या पिवळ्याच्या जवळपास तिप्पट विखुरतो. एलईडीने वीज वाचते हे खरं, पण ‘एलईडी आले, आता प्रदूषण कसलं?’ हे ऐकलं की माझा पारा चढतो.

गेल्या हिवाळ्यात त्या भागातल्या एका गावात मी हायमास्ट दिव्यांबद्दल बोलत होतो. एक तरुण शेतकरी उठला. ‘सर, मोटारीला लाईट रात्रीची येते. उसात बिबट्या असतो. तुमच्या ताऱ्यांसाठी आम्ही अंधारात पाणी भरायचं का?’

अजिबात नाही. दिवा हवाच, पण वरून झाकलेला, उजेड जमिनीवर पाडणारा, पिवळसर. उघडा झोत डोळे दिपवतो आणि त्यापलीकडचा बांध दिसेनासा होतो; बिबट्या नेमका तिथेच असतो. हे त्याला पटलं. मग त्याने विचारलं, ‘आणि तुमच्या डोंबिवलीचं काय?’

तो प्रश्न मला अजून सोडत नाही. गिरवली ते कल्याण हवाई अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. गिरवलीहून पश्चिमेच्या क्षितिजावर दिसणाऱ्या उजळीत आपलाही वाटा आहे. आपल्याच राज्यात पेंच व्याघ्र प्रकल्प २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरला. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलून खाली तोंड असलेले बसवले गेले. खेड्यांना जमलं ते महापालिकांना का जमू नये? ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत नव्या दिव्यांची निविदा निघेल तेव्हा ‘वरून झाकलेला, पिवळसर’ एवढी अट त्यात असली पाहिजे, आणि ती मागणी आपण नागरिकांनी लेखी केली पाहिजे. तोवर गिरवलीच्या शेतकऱ्याला अंधाराचं महत्त्व सांगायला मला तोंड नाही.