मी बंदूक घ्यायला निघाले तेव्हा

जानेवारी २०१४ ची गोष्ट. मी तुमसरच्या एका पतसंस्थेत क्लर्क आहे, तेव्हाही होते. दुपारच्या सुटीत आमच्या कॅशियरने वर्तमानपत्र माझ्यापुढे ठेवले. "ताई, तुमच्या कामाची बातमी आहे." कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीने खास महिलांसाठी रिव्हॉल्वर काढले होते. नाव 'निर्भीक'. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत बळी पडलेल्या मुलीला देशाने निर्भया म्हटले, त्यावरून हे नाव. .३२ बोअर, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, सहा गोळ्या, पर्समध्ये मावेल असे.

कॅशियरभाऊ थट्टा करत नव्हते. त्यांना ठाऊक होते. जवळच्या एका खेड्यात आपल्या समाजातील एका विधवा बाईच्या शेताचा धुरा शेजाऱ्याने नांगरून टाकला आणि जाब विचारला म्हणून तिला जातीवरून शिवीगाळ करून मारले. मी तिच्यासोबत ठाण्यात गेले. दोन दिवस बसून राहिलो, तेव्हा अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंद झाला. त्यानंतर दोन मोटारसायकली सायंकाळी माझ्या स्कुटीच्या मागे येऊ लागल्या. "साक्ष दिली तर पाहून घेऊ," असे एकाने मला बाजारात ऐकवले. त्या शेजाऱ्याकडे रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी घेतलेली परवान्याची बंदूक होती. ही बाई पाण्याला निघाली की तो ती ओट्यावर घेऊन पुसत बसे. तोंडाने काही बोलत नसे.

आमच्या जिल्ह्यात भीती कशाची, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी शेजारच्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजीला, सुरेखाताई भोतमांगे, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांची हत्या झाली. सुरेखाताई आधी एका मारहाणीच्या प्रकरणात साक्षीदार होत्या. साक्ष हा शब्द ऐकला की मला तेच आठवे.

मी बी.कॉम. झालेली. आधी हिशेब मांडला. निर्भीकची किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात. माझा पगार साडेसात हजार. म्हणजे सोळा महिने घरात चूल न पेटवता पगार बाजूला ठेवायचा. तरी मनातून जाईना. रविवारी मी मोठेबाबांकडे गेले. ते महार रेजिमेंटमधून हवालदार होऊन निवृत्त झालेले आणि पुढे बारा बोअरची दुनळी घेऊन बँकेत गार्ड होते.

त्यांनी दुनळी काढली, मोडून उघडली आणि दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचे मला माझ्याच डोळ्यांनी पाहायला लावले. "रिकामी हाय असं कोनीबी म्हनो, आपन पाहाचं. तोंड मानसाकडं कराचं नाही. चाप ओढाचा नसंन तर बोट तिथं ठेवाचं नाही." मग ती माझ्या खांद्याला लावली. एका मिनिटात हात थरथरू लागला.

मी म्हटले, "म्हणूनच हलकी घ्यावी म्हणते, बायकांसाठी काढलेली."

ते हसले. हलकी बंदूक बाळगायला सोपी, चालवायला नाही, असे त्यांनी समजावले. गोळी तीच आणि बंदूक हलकी, तर धक्का हाताला जास्त बसतो. लांब बंदुकीला खांद्याचा आधार असतो, छोट्या नळीचा नेम सरावाशिवाय बसत नाही. आपल्या पंजात मूठ नीट बसते का, बोट चापापर्यंत ताण न देता पोचते का, हे पाहूनच निवड करायची. 'बायकांची' असे नाव पाहून करायची नाही.

मग त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. "ठेवशील कोठी?" आमचे घर दोन खोल्यांचे, माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची. कुलपात ठेवली तर वेळेवर हाती येणार नाही. उघडी ठेवली तर आधी मुलीच्या हाती येईल. "गोळी चुकली तर कोठी जाईल?" आमच्या वस्तीत घराला घर लागून. मधल्या भिंतीच्या जागी कूड. कुडापलीकडे शेजारच्यांची तीन लेकरे झोपतात. "अन् हिसकून घेतली तर?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

आई इतका वेळ तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "विहारात पंचशील म्हनतेस अन् बंदूक घेतेस का वं?" मोठेबाबांनी तिला सांगितले की 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. शस्त्र आपल्या समाजाला नवे नाही. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपली भरती बंद केली होती, पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. आई गप्प राहिली, पण तिचा चेहरा निवळला नाही.

रात्री झोप आली नाही. खैरलांजीत जमाव आला होता. जमावापुढे सहा गोळ्या किती पुरतील? जमाव निघण्याआधी काय करता येते, हे पाहायला मी अॅट्रॉसिटी कायद्याचे पुस्तक उघडले. गुन्हा नोंदवण्यासाठी ते अनेकदा चाळले होते. १९९५ च्या नियमांतला नियम ३ मात्र कधी लक्ष देऊन वाचला नव्हता. अत्याचाराची शक्यता असेल तिथे अनुसूचित जाती-जमातींत नसलेल्यांचे शस्त्रपरवाने रद्द करून त्यांची शस्त्रे सरकारजमा करावीत, असे त्यात लिहिले आहे. आणि गरज वाटल्यास आपल्या लोकांना शस्त्रपरवाना द्यावा, असेही लिहिले आहे. मी फक्त दुसरी गोष्ट मागायला निघाले होते!

आम्ही महिला मंडळाच्या अकरा जणी अर्ज घेऊन जिल्ह्याला गेलो. ओट्यावरच्या बंदुकीची हकीकत आणि नियमाचा आकडा दोन्ही लिहिले. तीन चकरा झाल्या. चौथ्या वेळी कळले की बंदूक जमा झाली. त्यानंतर त्या बाईने न्यायालयात साक्ष दिली. मीही दिली.

पण म्हणून कोणत्याही भगिनीने बंदूक मागूच नये, असे मी म्हणणार नाही. शेतावर एकटी राहणारी, उघड धमकी असलेली बाई असेल तर तो तिचा हक्क आहे. वय २१ पूर्ण हवे. आता २०१६ चे नियम आहेत. त्यांत शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण, आरोग्याचे प्रमाणपत्र आणि घरी सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. "तुमच्याकडे मालमत्ता काय?" असे कुणी म्हटले तर सांगा की १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १४ प्रमाणे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकार दिला तर कारणे लेखी मागा, अपिलाची सोय आहे. आणि विनापरवाना कट्टा कुणी स्वस्तात देऊ केला तर हात लावू नका. २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याला किमान दोन वर्षांची कैद आहे. तुरुंगात आपणच जाऊ आणि धमकी देणारा बाहेर राहील.

माझी मुलगी आता कॉलेजात आहे, एनसीसीत. परवा ती फायरिंगच्या कॅम्पवरून आली आणि .२२ रायफलच्या गोळ्यांनी भोके पडलेला कागद आजीला दाखवू लागली. आजीने तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग विचारले, "मांगं कोनी नव्हतं ना वं?"

"मातीचा ढिगारा होता, आजी."

आईने तो कागद घडी करून पोथीच्या पेटीत ठेवला.