कपाशीच्या झाडाला लोकरीचा धागा



या पानावर मी एरवी फवारणी, ठिबक, भाव असलं लिहितो. आज जरा वेगळी नोंद आहे, पण शेवटी ती शेतातच येते, म्हणून धीर धरून वाचा.

मी सूत काततो. तीन-चार वर्षं झाली. गावात काही जण हसतात. घरच्यांनी तर पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमले दुसरं काही काम नही का?" काम भरपूर आहे. पण रात्री जेवणानंतर तासभर मोबाईल बघायचा की चरखा फिरवायचा, एवढाच प्रश्न होता.

सुरुवात अशी झाली. जुन्या घराचा माळा साफ करताना आईची टकळी सापडली. आईचं माहेर धुळ्याकडचं. तिच्या लहानपणी शाळेत सूतकताईचा तास असायचा, मूलोद्योग म्हणायचे. पोरं टकळीवर सूत काढायची, गुरुजी तार मोजायचे. आता ऐंशीच्या घरात असलेल्या आईने टकळी हातात घेतली, मांडीवर घासून गरकन फिरवली आणि कापसाच्या बोळ्यातून हातभर धागा काढून दाखवला. मी करायला गेलो तर वीतभर निघायच्या आत तुटला. आई म्हणाली, "हात ढिला ठेव भाऊ. तू वढू नको, त्याले येऊ दे."

मला तेव्हा लाजच वाटली. तीस वर्षं कपाशी करतोय. बियाणं, खत, औषध, बोंडअळी, सगळं तोंडपाठ. किती क्विंटल विकली त्याचा हिशेब नाही. पण त्या कापसाचा एक हात धागा मला काढता येत नव्हता. आपण काय पिकवतो तेच हाताला माहीत नव्हतं.

मग नाद लागला. वर्ध्याहून पेटी चरखा आणला. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना 1930 च्या आसपास हा घडीचा चरखा तयार झाला, म्हणून त्याला येरवडा चरखाही म्हणतात. बंद केला की जाड पुस्तकासारखा दिसतो. आपल्या खान्देशाला हे काही नवीन नाही. 1936 साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. तिथे खादी आणि ग्रामोद्योगाचं मोठं प्रदर्शन होतं. पुढे चरखे माळ्यावर गेले. जळगावची खान्देश मिल आणि अमळनेरची प्रताप मिल, दोन्हींचे भोंगेही बंद झाले. आता आपला कापूस जिनिंगमध्ये जातो, त्याची गाठ बांधली जाते आणि ती कुठे जाते ते आपल्याला कळतही नाही.

आता कातायची रीत सांगतो. घरचा कापूस उन्हात दाखवायचा. लाकडी पाटावर बोंडातला एकेक पाकळा ठेवून वरून लोखंडी सळई दाबत फिरवायची, सरकी पुढे निसटते आणि रुई मागे राहते. रुई विंचरायला मी कुत्र्याचे केस विंचरायचे दोन ब्रश घेतले, काम झकास होतं. विंचरलेल्या रुईचे पेळू वळायचे आणि पेळूतून सूत काढायचं. चातीवर सूत भरलं की गुंडाळून 1000 मीटरची गुंडी करायची. शेवटी धुण्याचा सोडा टाकलेल्या पाण्यात उकळायची. पहिल्यांदा उकळली तेव्हा पाणी चहासारखं झालं. मला वाटलं सूत बिघडलं. पण रुईवर मेणाचा थर असतो, तो आणि मळ निघतो. धागा मग पाणी नीट पितो आणि पीळही बसतो.

हिशेबाची सवय आहे, म्हणून हिशेब केला. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते. 20 नंबरचं सूत काढलं तर एका किलोत जवळपास 34 किलोमीटर धागा होतो. म्हणजे एका क्विंटलचा धागा साडेअकराशे किलोमीटर. जळगावहून रेल्वेने दिल्ली गाठता येईल एवढा. एका शर्टाच्या कापडाला 300 ग्रॅम सूत धरा, म्हणजे दहा किलोमीटर. माझ्या हाताने तासाला 200 मीटर निघतं. पन्नास तास झाले, पिंजणं आणि विणणं वेगळं. आणि त्या शर्टातला आपला कापूस किती? नासधूस धरून एक किलो. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता, म्हणजे 81 रुपये. बाकीचे पैसे आपल्यानंतरच्या लोकांचे. त्यात त्यांची मेहनत आहे, मान्य. पण हिशेब माहीत असावा. विनोबांनी वर्ध्याजवळ नालवाडीला रोज तासन् तास स्वतः कातून, त्या मजुरीवर माणूस जगतो का ते बघितलं होतं. मी जगायला काततच नाही, त्यामुळे माझं बरं आहे.

आता मुद्द्याचं. कातायला लागल्यावर एक गोष्ट लक्षात आली. एकाच शेतातला कापूस, एकच वाण, पण एक पेळू लोण्यासारखा निघतो आणि दुसरा दर हाताला तुटतो. आधी वाटलं आपलाच हात वाकडा. आईला दोन्ही पेळू दिले. तिचाही तसाच तुटला. मग म्हटलं, हे शेतातच शोधायला पाहिजे.

2023 च्या खरिपात एक प्रयोग केला. घरच्यांना स्वेटर विणायचा नाद आहे. त्यांच्या पिशवीतली उरलेली लोकर मागून घेतली. आपल्या बीटी कपाशीचं फूल उमलतं त्या दिवशी दुधाळ पांढरं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. म्हणजे पांढरं फूल दिसलं की ते आजचं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उमललेल्या फुलांच्या देठाला लाल लोकर बांधली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पिवळी. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हिरवी. सालदार म्हणाला, "नाना, झाडाले राख्या बांधी राहिनात का?"

बोंडं फुटली तशी तीन पिशव्यांत वेगळी वेचली. घरी सरकी काढून, विंचरून, एकाच चरख्यावर कातली.

लाल धाग्याची रुई हात लावताच कळली. लांब, चमकदार. शंभर मीटरला तीन-चार वेळा सूत तुटलं, तेही माझ्याच चुकीने.

पिवळ्याची रुई आखूड. कातताना हात चातीच्या जवळ धरावा लागे, जरा लांब नेला की सुटे. कारण आठवलं. त्या ऑक्टोबरमध्ये माझी मोटर जळाली होती आणि ठिबक बारा दिवस बंद होतं. वर ऑक्टोबरचं ऊन. त्याच दिवसांत ती बोंडं लहान होती.

हिरव्याचं तर विचारू नका. शंभर मीटरला वीसच्या वर तुटलं. रुई मऊ वाटते पण जीव नाही. विंचरताना बारीक बारीक गुठळ्या होतात, त्या सुतात तशाच राहतात. काही बोंडांत अळीने खाल्लेल्या सरक्या निघाल्या, ती रुई पिवळट आणि चिकट.

हे का होतं ते नंतर एका कृषी शास्त्रज्ञांनी समजावलं. कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी. फूल उमलल्यापासून पहिले वीस-पंचवीस दिवस ती फक्त लांब होते. तेव्हा पाण्याचा ताण पडला तर धागा आखूड राहतो. नंतरचे वीस-पंचवीस दिवस ती आतून भरते, थरावर थर चढतो. तेव्हा थंडी पडली, पानं लाल होऊन गळाली, पालाश कमी पडलं, अळी शिरली, तर धागा पोकळ राहतो. भरलेला तंतू बोंड फुटल्यावर वाळतो आणि स्वतःलाच पीळ घालतो. त्या पिळामुळेच एक तंतू दुसऱ्याला धरतो आणि सूत होतं. पोकळ तंतू नुसता चपटा होतो, कोणाला धरत नाही.

हमीभावाच्या तक्त्यात लांबी आणि मायक्रोनेअर लिहिलेलं असतं. लांब धाग्याला 29.5 ते 30.5 मिलीमीटर लांबी आणि 3.5 ते 4.3 मायक्रोनेअर. मी ते आकडे वर्षानुवर्षं बघत होतो. मायक्रोनेअर म्हणजे धाग्याचा बारीकपणा आणि भरीवपणा मिळून काढलेला आकडा, हे मला चरख्यावर बसल्यावर उमगलं. माझा हात म्हणजे काही प्रयोगशाळा नाही. पण तुटलेलं सूत खोटं बोलत नाही.

तेव्हापासून तीन गोष्टी बदलल्या. एक, फरदड बंद. डिसेंबर संपायच्या आत पऱ्हाटी उपटतो, शेतात उभी ठेवत नाही. फरदडीतून एकरी दीड-दोन क्विंटल निघायचा, त्याचा मोह सुटत नव्हता. 2017 साली गुलाबी बोंडअळीने अर्धं शेत खाल्लं तरी सुटला नव्हता. कृषी खात्याने किती सांगितलं, पण ऐकलं नाही. तो हिरव्या लोकरीचा पेळू हातात तुटत राहिला तेव्हा ऐकलं. तो कापूस विकायला नाही, अळी पाळायला ठेवतो आपण. आता त्या जागी उन्हाळी भुईमूग घेतो. दोन, वेचणी वेगळी ठेवतो. पहिल्या-दुसऱ्या वेचणीत कवडी मिसळत नाही. तीन, पाण्याचा आणि पालाशचा ताण कोणत्या दिवसात नको, ते पंचांगासारखं भिंतीवर लिहून ठेवलंय.

भाव जास्त मिळाला का? खरं सांगतो. खेडा खरेदीवाल्याने चांगला आणि साधा एकाच काट्यावर, एकाच भावात घेतला. खरेदी केंद्रावर नेला तेव्हा ओलावा 8 टक्क्यांच्या आत भरला आणि वरच्या ग्रेडचा पूर्ण भाव मिळाला, पण भाडं आणि दोन दिवस गेले. फायदा आहे, थोडा आहे. ज्याला वाटेल त्याने करावं.

आता घरातली गोष्ट. माझा मुलगा सुरतला आहे, आपल्याकडची निम्मी पोरं तिथेच. कापड बाजारात काम करतो, सगळा पॉलिस्टरचा माल. फोनवर म्हणतो, "नाना, आता कापूस सोडा, मका लावा. इथे कोणी कापूस विचारत नाही." त्याचं चूक आहे असंही नाही. यंदा मीही दोन एकर कपाशी कमी करून मका लावला. बाप कापूस पिकवतो आणि पोरगा पॉलिस्टर विकतो, त्याच्यावर आम्ही दोघं हसतो. पण हसणं झालं की फोनवर थोडा वेळ कोणीच बोलत नाही.

गेल्या वर्षी त्याला मुलगा झाला. मी यंदाच्या पहिल्या वेचणीतलं जाड सूत कातलं, साडेचारशे मीटर. चार पदर एकत्र पिळले. घरच्यांनी त्याचं टोपरं विणायला घेतलं. त्यांना लोकरीची सवय. लोकर ताणली तर परत येते, कापूस येत नाही. दोनदा माप चुकलं, दोनदा उसवलं. शेवटी जमलं. पंचवीस ग्रॅम वजन भरलं. मी हिशेब केला, सहा रुपयांचा कापूस. मुलगा म्हणाला, "नाना, इथे शंभरात दोन टोपरी मिळतात." मी म्हटलं, मिळत असतील.

दिवाळीत आले तेव्हा घालून बघितलं तर घट्ट. महिनाभरात पोराचं डोकं वाढलेलं! सूनबाई म्हणाली, राहू द्या, आठवण म्हणून ठेवू. घरच्यांनी ऐकलं नाही. तिथल्या तिथे टोपरं उसवलं, बसल्या जागी आठ टाके वाढवून परत विणायला घेतलं. मी आणि मुलगा समोर बसून सुताचा गुंडा सोडत होतो. तिसऱ्यांदा उसवलेलं सूत, पण कुठे तुटलं नाही. मुलगा सूत बोटात धरून बघत होता, कापड बाजारातल्या माणसाची सवय. ताणून बघितलं, उजेडात धरलं. मग विचारलं, "हे कोणत्या शेतातलं?"

मी म्हटलं, "बोरीकाठचं. पहिली वेचणी."

त्याने दुसरं काही विचारलं नाही. पण निघताना म्हणाला, "तेवढं शेत कपाशीलाच राहू द्या."

तेवढं राहणार आहे, मंडळी. येत्या खरिपात तिथे पुन्हा लोकर बांधणार, आणि अकोल्याच्या देशी वाणाच्या चार ओळी बाजूला लावणार. देशीचा धागा आखूड असतो, हाताने कसा काततो ते बघायचं आहे. कोणाला प्रयोग करायचा असेल तर फार काही लागत नाही. एक टकळी, मूठभर कापूस आणि घरातली उरलेली लोकर. फूल पांढरं असेल त्याच दिवशी बांधा, गुलाबी झालं की तारीख चुकते. आणि काय निघालं ते मला जरूर कळवा.