बंबाची फुंकणी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आमच्या जुन्या वाड्यात पहाटे बंब पेटत असे. ढलप्या ओलसर निघाल्या की परसात धूर कोंडे. मग आई फुंकणी घेऊन बसे. दोनचार फुंका घालताच भपकन जाळ होई आणि धूर नाहीसा होई. धूर म्हणजे अर्धवट जळलेले इंधन. ते तापलेले असतानाच हवा मिळाली तर तेही जळून जाते, हे त्यामागचे शास्त्र मला फार उशिरा, एका मोटारसायकलीमुळे कळले.

थंड इंजिनाला सुरू होताना पेट्रोल अधिक आणि हवा कमी मिळते. त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि न जळलेले हायड्रोकार्बन बाहेर पडतात. त्यांचा बंदोबस्त करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापल्याखेरीज नीट काम करीत नाही. अशा वेळी हे वायू इंजिनातून निघतात तेथेच, धगधगीत असताना, ताजी हवा सोडली की ते जळून त्यांचा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. हीच ‘एअर इंजेक्शन’ची युक्ती. कॅलिफोर्नियात १९६६ च्या मॉडेलपासून मोटारींच्या धुरावर नियंत्रण सक्तीचे झाले, तेव्हा अनेक गाड्यांत यासाठी हवेचा पंप बसविण्यात आला. मोटारसायकलीला बहुधा पंपही लागत नाही. बाहेर पडणाऱ्या वायूंच्या प्रत्येक ठोक्यामागोमाग क्षणभर ओढ निर्माण होते; ती हवा आत खेचते आणि पेटीच्या भात्याला असते तशी एकमार्गी झडप वायूंना उलट फिरू देत नाही. नायट्रोजनच्या ऑक्साइडांपुढे मात्र या उपायाची मात्रा चालत नाही.

माझ्या गाडीतील ही व्यवस्था बिघडली आणि वेग कमी करताना सायलेन्सरमध्ये फटफट आवाज होऊ लागले. मेकॅनिकने झडप बदलण्याऐवजी हवेची नळीच बूच मारून बंद केली. आवाज थांबला, खर्च वाचला, गाडीच्या चालीत तसूभरही फरक जाणवला नाही. उभी हयात लोकांना सरकारी नियम समजावून सांगण्यात घालविलेला मी समाधानाने घरी आलो!

पुढे एका सकाळी चौकात थांबलो असता सहज मागे पाहिले. सायकलवर पुढे मुलाला बसविलेली एक बाई पदराने त्याचे नाक झाकत होती. धूर माझाच होता असे नव्हे. पण माझाही होता. दुसऱ्याच दिवशी बूच काढवून नवी झडप बसवून घेतली. मेकॅनिक म्हणाला, “साहब, इसमें आपका क्या फ़ायदा?”

फायदा माझा नव्हताच, हीच तर ग्यानबाची मेख. बंबाचा धूर आईच्या स्वतःच्या डोळ्यांत जाई, म्हणून तिचा हात लगेच फुंकणीकडे वळे. माझ्या गाडीचा धूर मागच्याच्या डोळ्यांत जात होता, म्हणून मला इतका उशीर झाला.